दोरीवरच्या माणसाचा मलिदा

मयत इसमाला मिळकतीचा ताबा ठेवता येतो, असे मला आजवर कोणत्याही कायद्यात आढळलेले नाही. तरीही गेल्या हिवाळ्यापासून इस्राएलमधील आमच्या लोद गावच्या थिएटरात मी जितके भयपट पाहिले, त्या प्रत्येकात कोणी ना कोणी मयत इसम आपल्या जुन्या हवेलीत बिनदिक्कत राहतो, छदाम भाडे देत नाही, आणि रीतसर खरेदीखत करून राहायला आलेल्या कुटुंबाला जिन्यावरून खाली ढकलतो. त्या कुटुंबातील एकालाही वकील गाठण्याची बुद्धी होत नाही. सगळे मेणबत्ती घेऊन तळघरात उतरतात. मुंबईच्या एका कोर्टात शिरस्तेदारी करण्यात माझे आयुष्य गेले. तळघरात उतरल्याने कोणाचा ताबा सुटल्याचे एकही प्रकरण माझ्या नजरेखालून गेलेले नाही.

असे असूनही शनिवारी रात्रीचा, शब्बाथ सुटल्यावरचा खेळ मी सहसा चुकवत नाही. आता दिवसभर एका गोदामाच्या दारात पहारा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी कोणाविरुद्ध तरी संतापण्याची सोय हवी.

या खेळांत त्यातल्या त्यात मला पटला तो बुडालेल्या दीपगृहवाल्याचा चित्रपट. धुके पडले की तो ओल्या पावलांनी गावात येतो आणि दारोदार आपला कोट मागतो. सगळे गाव किंचाळते. मी किंचाळलो नाही, कारण त्याचा दावा मला सबळ वाटला. कोट त्याचा होता; बुडण्यापूर्वी त्याने तो विकल्याचा पुरावा चित्रपटात कोठेही येत नाही. कोट परत करून पावती घेतली असती, तर मध्यंतरापूर्वीच प्रकरण मिटले असते. त्याऐवजी शेवटी एक पाद्री येऊन त्याला पाण्यात लोटतो, म्हणजे फिर्यादीलाच हद्दपार करतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या ओल्या पावलांचा आवाज मात्र अप्रतिम होता. घरी येताना मी काही वेळा मागे वळून पाहिले, ते केवळ रस्ता खराब असल्यामुळे.

साहसकथांचे गुन्हे वेगळे. तेल अवीवमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मी नुकतीच संपवली. तीत काही गृहस्थ होडीने नदी चढून जातात, एका देवळाखालचे सोने पोत्यांत भरतात, आणि मायदेशी परतल्यावर त्यांचा जाहीर सत्कार होतो. जमिनीत ठेव सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते, हे आमच्या कोर्टातल्या पट्टेवाल्यालाही ठाऊक होते. मी प्रकाशकाला लंडनला पत्र टाकले आहे. मगरीचे प्रकरण मात्र मी एका बैठकीत वाचले आणि ताटातला भात निवून गेला, हेही नमूद केले पाहिजे.

आता थिएटरविषयी. चित्रपट इंग्रजीत असतो. त्याचे हिब्रू भाषांतर पडद्याशेजारच्या एका अरुंद पट्टीवर दिसते, आणि ही पट्टी एक इसम हाताने फिरवतो. तो सूर्यफुलाच्या बिया सोलण्यात गुंतलेला असतो. परिणामी नायिका 'वाचवा' म्हणून ओरडते तेव्हा पट्टीवर 'चहात साखर किती?' असे उमटते, आणि सारे थिएटर शिट्ट्या मारते. याबाबत मी मॅनेजरला वेळोवेळी सविस्तर लिहिले. उत्तर आले नाही. अखेर त्याला दाराशीच गाठले, तेव्हा तो म्हणाला, "यिह्ये बसेदेर, अदोनी." म्हणजे, होईल सगळं ठीक, साहेब. या राष्ट्राने अजून आपली राज्यघटना लिहिलेली नाही. तूर्त तिचे काम हे दोन शब्द करतात.

माझ्या पत्नीला इंग्रजी येत नाही, आणि हिब्रू येते ती प्रार्थनेपुरती. तेव्हा तिच्यासाठी पट्टीचे काम मी करतो. शेजारी बसून कानात मराठीत सांगतो. तिची तक्रार अशी, की मी गोष्ट कमी आणि निकालपत्र जास्त सांगतो.

"अहो, तो मेला की जगला तेवढं सांगा," ती म्हणते. "चूक कुणाची ते मागाहून."

ज्या खेळाने आमच्या घरात कज्जा उभा केला, त्यात एक तरुण आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला एका खोल दरीत उतरतो. वर उभा असलेला त्याचा भागीदार दोराखाली धारदार दगड सरकवतो. (हा सरळसरळ खुनाचा प्रयत्न असून चित्रपटाच्या शेवटी त्याला साधी अटकही होत नाही.) तरुण खाली लटकलेला, दोराचा एकेक पदर सुटतो आहे, आणि नेमक्या त्या क्षणी फिल्म तुटली. दिवे लागले. लोक बिया सोलू लागले. मी पत्नीकडे पाहिले, तर तिने लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेला, डोळे मिटलेले आणि ओठ हलत असलेले.

"काय चाललंय तुझं?"

"गप बसा जरा."

"अगं, पण—"

"मलिदा बोलले मी. एलियाहू हन्नाबीला. वाचू दे बिचारा. त्याच्यापण आईनं त्याला नऊ महिने वाहिलाय."

आम्हा बेने इस्राएलांत, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांत, जीव संकटात असला की एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिदा बोलतात: गोड पोहे, त्यात नारळ आणि वेलची, भोवती फळे, आणि सगळ्या बिरादरीने मिळून गायिलेले गाणे. तापातून उठलेल्या मुलासाठी, बोटीने दूर गेलेल्या भावासाठी बोललेले मलिदे मी खाल्ले आहेत. पडद्यावरच्या माणसासाठी बोललेला मलिदा मी ऐकलाही नव्हता.

फिल्म जोडली गेली. दोर तुटला, आणि तरुणाच्या हाती कड्यावरचे एक झुडूप लागले. ते झुडूप आधीच्या दृश्यात नव्हते. याविषयी मी पत्र लिहिले आहे.

"बघा," पत्नी म्हणाली.

प्रकरण इथे हसून संपले असते. पण आमची मुलगी किर्यात गातला दिल्या घरी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पत्नीने त्याच आठवड्यात तिच्याकडे जायचे ठरले होते. आता ती म्हणाली, "न फेडलेला नवस अंगावर घेऊन मी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायची नाही." आणि फेडायचा कशाने? या देशात दुकानात पोहे मिळत नाहीत. नारळ तर आमच्या वाण्याने चित्रातही पाहिलेला नाही.

मी माझे म्हणणे मांडले. नवस मुळातच रद्दबातल आहे. ज्याच्या लाभासाठी तो बोलला गेला, तो इसम अस्तित्वातच नाही. शिवाय तो वाचणार हे चित्रपट तयार झाला तेव्हाच ठरलेले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं, तो वाचणार म्हणून?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मग मला तरी कसं असणार?" असे म्हणून ती भांडी घासायला उठली.

दोन दिवसांनी जावई कामानिमित्त लोदला आले. उंबऱ्यातच उभ्याने म्हणाले, "आई कधी येणार, विचारलंय तिनं. रोज विचारते. रात्री नीट झोपत नाही हो." पत्नीने त्यांच्या हाती लोणच्याची बाटली दिली आणि तोंड फिरवून घेतले. जावई गेल्यावर मी टोपी घातली आणि आमच्या हझानांकडे, म्हणजे मशिदीत (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) प्रार्थना चालवणाऱ्या गृहस्थांकडे गेलो.

"तो माणूस अस्तित्वात नाही, हझानसाहेब."

"पण वाचला ना?"

"पडद्यावर."

"मग बाई बोलल्या कुठं? पडद्यापुढंच ना?" हझान दाढी कुरवाळत म्हणाले. मी कायद्याचा आधार मागितला, तेव्हा त्यांनी तो दिला. आपल्या धर्मात नवस सोडवता येतो. तिघा पुरुषांनी बसायचे, बोलणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा, आणि त्याने पस्तावा सांगितला की बंधन सुटले. या तरतुदीने मला अत्यंत आनंद झाला. अखेर या देशात मला एक न्यायासन सापडले होते.

ते न्यायासन दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याच खोलीत, आमच्याच खाटेवर बसले: हझान, एक मुंबईच्या गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, आणि बस दुरुस्त करणारा आमचा शेजारी. पत्नी दाराशी उभी राहिली.

"बाई," हझानांनी विचारले, "हा नवस बोलल्याचा तुम्हाला पस्तावा होतो का?"

"कसला पस्तावा?"

"म्हणजे, बोलले नसते तर बरं झालं असतं, असं वाटतं?"

पत्नीने आधी माझ्याकडे आणि मग त्या तिघांकडे पाहिले. "म्हणजे तो पडून मेला असता तर बरं झालं असतं, असं म्हणू मी? कुणाच्या पोराबद्दल? आणि तेही माझ्या लेकीचे दिवस भरत आले असताना? माझ्या तोंडून नाही यायचं ते. तुम्हाला म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा."

जॉबर छताकडे पाहू लागले.

"बाईंचं बरोबर आहे," बसवाला शेवटी म्हणाला. "मीपण पाहिला तो पिक्चर. माझ्या हाताला घाम सुटला होता."

न्यायासनाने चहा घेतला आणि उठले. निकालाविरुद्ध अपील करण्यास जागा नव्हती, कारण प्रश्न बिनचूक विचारला गेला होता आणि उत्तरही बिनचूक आले होते. माझा संताप झाला. पण चहाचे पेले उचलताना मी पत्नीला 'आणखी थोडी साखर हवी होती का त्यांना?' याखेरीज काही बोललो नाही.

आता उरला अंमलबजावणीचा प्रश्न. आमच्या चाळीवजा शिक्कुनमध्ये पलीकडच्या दारात एक विधवा बाई राहतात. त्यांच्या भावाचे कुटुंब नुकतेच हैफा बंदरात उतरले होते, आणि त्यांच्या ट्रंकेतून पोहे आणि खोबऱ्याच्या वाट्या आल्याची बातमी साऱ्या वस्तीला होती. मी गेलो.

"पोहे आहेत, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण देता येत नाहीत. बोललेले आहेत."

"कोणासाठी बोलले आहेत?"

"आहे एक जण."

"आजारी आहे?"

"आजारी नाही." त्यांनी पदराशी चाळा केला. "तो नव्हता का, दोरीवर लटकलेला. फिल्लम तुटली तेव्हा. काय करणार हो, जीव राहीना."

मी त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी मला पाणी दिले आणि हळूच सांगितले, की त्यांच्या रांगेतली, शाळेत साफसफाई करणारी बाईही त्याच वेळी तेच बोलली होती. एक गोरा माणूस, त्याचे नाव यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नाही, आणि त्याच्या जिवावर आमच्या वस्तीत मलिद्यामागून मलिदे अडकून पडले होते. प्रत्येकीला वाटत होते, आपल्या नवसाने तो वाचला.

इथे मात्र कायदा उपयोगी पडला. मी हझानांपुढे मांडले, की माणूस एक, दोर एक, आणि तो एकदाच वाचला. म्हणजे देणे संयुक्त आहे, आणि एकदा फिटले की सर्वांचे फिटते.

"ते तुम्ही लिहून ठेवा हवं तर," हझान म्हणाले. "आम्ही ताट मोठं करू."

पत्नीची एकच हरकत होती: तिने बोलताना मनात ओला नारळ आणला होता, आणि हे तर वाळके खोबरे. कोमट पाण्यात भिजवलेले खोबरे हे नारळाचेच रूप आहे असे मी सांगितले. तिने हझानांकडे पाहिले. हझानांनी मान हलवली. माझ्या म्हणण्याला अनुमोदन लागते, हे मी लग्नापासून मान्य केलेले आहे.

मलिद्याला वस्ती लोटली. परातीत पोह्यांचा डोंगर, भोवती खजूर, संत्री, केळी, सफरचंदे. गाणे सुरू होणार तोच मशिदीचे मुकादम, म्हणजे आमच्या सभेचे अध्यक्ष, मोठ्याने म्हणाले, "पण नवस कशाचा, ते तर सांगा. लेकीचा ना?"

पत्नीचा चेहरा मी पाहिला. हो म्हणावे, तर एलियाहू हन्नाबीच्या परातीपुढे खोटे. नाही म्हणावे, तर पुढची दहा वर्षे वस्तीत हसे. पलीकडच्या बाई परातीभोवतीची केळी मोजू लागल्या.

मी उभा राहिलो. "हरकत आहे. नवस बोलणाऱ्या हजर आहेत. ज्याच्यासाठी बोलला, तो सुखरूप आहे. परात समोर आहे. फेड स्वीकारताना कारण विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न गैरलागू आहे."

"अहो, मी आपलं सहज विचारलं."

"सहज विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर द्यावं लागतं. म्हणून तो विचारू नये."

"बसा, बसा," हझान म्हणाले आणि त्यांनी गाणे उचलले. मुकादमही गाऊ लागले. त्यांना पोहे आवडतात. पत्नीने मला वाढलेल्या बशीत खोबरे इतरांपेक्षा जास्त होते. मी त्याची वाच्यता केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला किर्यात गातच्या बसमध्ये बसवले. मांडीवर मलिद्याचा डबा होता. बस सुरू झाल्यावर तिने खिडकीतून डोके बाहेर काढले. "शब्बाथ सुटल्यावर पिक्चरला जाल ना? काय झालं ते मला लिहा. नुसती गोष्ट लिहा हं. कायदा नको." ती वेळेत पोहोचली. त्याच आठवड्यात आम्हाला नात झाली, आणि निरोप घेऊन आलेल्या जावयांनी सांगितले, की सासूबाई सारा वेळ मुलीचा हात धरून होत्या.

मी पिक्चरला गेलो. एका खाणीत काही कामगार अडकतात, अंधारात काहीतरी त्यांच्या मागे लागते, आणि खाणीच्या मालकाने आपत्कालीन वाटेची तरतूद न करून जो अक्षम्य निष्काळजीपणा दाखवला आहे, त्यावर मी खूप काही लिहू शकलो असतो. घरी येऊन पत्र लिहायला बसलो. कायदा खोडत गेलो. निम्म्याहून अधिक मजकूर गेला. उरले ते नव्या कागदावर उतरवले, आणि गोष्ट सुरू करण्यापूर्वी पहिल्याच ओळीत लिहिले, की खाणीतले सर्व इसम अखेर सुखरूप बाहेर येतात, तरी पुढील मजकूर वाचताना कोणीही काहीही बोलू नये.