सुतकातली पायरी

आम्ही नवरा-बायकोनं शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे भिजवलेले वाल सोलणं. ओट्यावर बसून, मधे परात ठेवून. "तुमचा एक सोलून होतो तोवर माझे चार होतात," ही म्हणाली. मी म्हटलं, "मग चार-चार सोल, बोलतेस कशाला?" तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, आणि गाडी वाणगावच्या दवाखान्यात पोचायच्या आत ही गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. चिकूच्या वाडीत जन्म गेला. आमची एकच मुलगी, नर्सिंग शिकून जर्मनीला नोकरीला लागली. तिथं लढाईतून पळून आलेली माणसं एका बंद शाळेत राहतात. स्वयंपाक, झाडलोट, पोरांची शिकवणी, सगळं त्यांचं तेच सभा घेऊन ठरवतात. माझी मुलगी आणि त्या गावात राहणारे आपल्याकडचे आठ-दहा जण, कोणी नाशिकचा, कोणी केरळची, या शाळेतल्या माणसांचे कागद वाचून देतात, कचेरीत त्यांच्याबरोबर उभे राहतात. हिनं एकदा फोनवर तिला विचारलं होतं, "म्हणजे तू त्यांना जेवायला वाढतेस?" मुलगी म्हणाली, "नाही गं आई, तेच मला वाढतात. ते सांगतात ते आम्ही करतो." मी मागून ओरडलो, "मग तुझा उपयोग काय?" दोघी हसल्या होत्या.

आई गेली तेव्हा मुलीला निघता येईना. तिथं राहायच्या परवान्याची मुदत संपलेली, नवा हातात आलेला नाही. तशी निघाली तर परत आत घेतील याची खात्री नाही. मी काही ऐकलं नाही. म्हटलं, "परक्यांसाठी रांगेत उभी राहतेस आणि आईसाठी येत नाहीस. बाराव्याला आली नाहीस तर मला बाप म्हणू नको." त्यानंतर तिचा फोन उचलणं बंद केलं. देवापुढचा दिवा लावणंही बंद केलं.

नवव्या दिवशी टमटममध्ये बसून महालक्ष्मीला गेलो. सुतकात देवळात जात नाहीत, एवढं मला कळतं. म्हणून आत गेलो नाही, खालच्या पायरीवर बसलो. भांडायला आत जावं लागत नाही. देवीआईला सांगितलं, एकीला तू नेलंस, दुसरीला त्या लोकांनी नेलं, आता माझ्याकडून तुला काय पाहिजे? ऊन चढत होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि साखर उतरवायची गोळी मात्र घेतली होती. खिशात फोन वाजत होता, वाजून थांबत होता. मग देवळाची घंटा लांब गेली, पाण्याखालून वाजल्यासारखी, आणि समोरचं सगळं पांढरं झालं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी पडलो होतो, पण पडल्यासारखं वाटत नव्हतं. कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं. सुतकातल्या माणसाचं. हाताला ताडगोळ्यांचा वास होता. "बाबा, तोंड उघड," बाई म्हणाली आणि गूळ जिभेवर ठेवला. फोन पुन्हा वाजला. तो तिनंच उचलला. "कोणाची पोर गं तू? तुझा बाप इथं देवीच्या पायरीवर पडलाय. रडू नको, मरत नाही तो. मघापासून शिव्या देतोय मला."

फोन तिनं माझ्या कानाशी धरला. त्यात खूप माणसं होती. बायका, म्हातारे, पोरं, सगळी एकदम बोलत होती. एकही शब्द कळत नव्हता आणि सगळी माझीच चौकशी करताहेत एवढं कळत होतं. त्या गलक्यात मला हिचा आवाज आला असं वाटलं. आला की नाही, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. मग एक म्हातारा मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाईसाब, पानी पियो. बेटी हमारे पास है. आठ दिन से उसका चूल्हा नहीं जलने दिया. खाना हम देते हैं." मागून मुलगी म्हणाली, "बाबा, हे काबूलचे आजोबा. मी येतेय. तिकीट काढलंय. परवान्याचं काय व्हायचं ते होऊ दे." गुरुवारी त्या लोकांच्या शाळेची जागा राहणार की जाणार याची कचेरीत तारीख होती, तीही सोडतेय म्हणाली.

दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. आमच्याकडेही ते आणत होते. माझ्या मुलीला तिथं कोण शेजारी, हा विचार मी एकदाही केला नव्हता. ज्यांना मी परके म्हणत होतो, ते आठ दिवस तिचं सुतक सांभाळत होते.

डोळे नीट उघडले तेव्हा बाई नव्हती. फूलवाला म्हणाला, तलासरीची जीप आली, गेली असेल. कोणती बाई, विचारलं तर म्हणाला, "आजोबा, पाच-सहा जणी बसतात इथं ताडगोळे घेऊन. कोणती म्हणून सांगू?" मी पायरीला हात लावला. मला आत जाता येत नव्हतं. आत जे आहे ते बाहेर आलं होतं, असं मी मानतो. शरण जाणं म्हणजे डोकं टेकवणं, असं मला वाटायचं. डोकं तर मी जन्मभर टेकवलं. पण माणसं मुठीत धरून टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला फोन लावला. आजवर फोन हीच लावून द्यायची, मी नुसता बोलायचो. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. "बाबा? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. ते तिकीट रद्द कर. गुरुवारी त्या लोकांबरोबर उभी राहा. बारावा मी करतो. परवाना हातात आला की ये." मग मी विचारलं, "किती वाजलेत तिथं?" "चार." "मग झोप." तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी जागं झालं, त्यांच्या भाषेत तिला काही विचारलं. तिनंही त्याच भाषेत उत्तर दिलं. त्यातलं 'बाबा' तेवढं मला कळलं.