पऱ्हाटीची पट्टी

कापूस वेचून झाला की वावरात उरते ती पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते. तिवस्याच्या भावनानं ती अमरावतीच्या प्रयोगशाळेत नेली, उकळून, धुऊन तिच्यातलं सेल्युलोज काढलं आणि त्यात पॉलिमर व डोळ्यांना न दिसणाऱ्या कार्बनच्या नळ्या मिसळून नखाएवढी काळी पट्टी केली. पट्टीतून वीज वाहायची. इतक्या वर्षांत धड जमलेली ती एकटीच, आणि तिच्यावरच भावनाची पीएचडी टांगलेली.

तिचे मार्गदर्शक उत्तमराव. माझे सहकारी, म्हणून जपून बोलतो: संशोधनापेक्षा उद्घाटनात रमणारा माणूस. प्रकल्पाच्या नावात त्यांनी शेतकरी दोनदा घातला होता, सेल्युलोज एकदाच.

२०१७च्या खंडेनवमीला त्यांनी यंत्रांची पूजा मांडली. पट्टीही ताटात ठेवली आणि सढळ हातानं पाणी शिंपडलं. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून भावनाला ती पाण्यातून उचलूही दिली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीची समिती आली, तोवर पट्टी पाणी पिऊन फुगलेली, आतल्या नळ्या एकमेकींपासून सुटलेल्या. मीटर ढिम्म. भावनाचा चेहरा पाहवेना. मला उत्तमरावांचा असा राग आला की ते पूजेचं ताटच उचलून भिरकावून द्यावंसं वाटलं.

ते मात्र डगमगले नाहीत. म्हणाले, हाच तर शोध! ओल लागली की वीज थांबते, वाळलं की वाहते. शेतकऱ्याला आता जमिनीतली ओल कळणार. पंख्याखाली पट्टी वाळली, मीटरचा काटा हलला आणि समितीनं माना डोलावल्या. एक हंगाम वावरात चाचणी, मग प्रबंध, असं ठरलं.

वावर कोणाचं? भावनाच्या वडिलांचं, श्रावणरावांचं. चाचणीच्या साली पावसानं ऐन बोंडं धरताना दगा दिला. पट्टीतून वीज अखंड वाहत राहिली. ओल नाही, असं ती इमानानं सांगत राहिली. अहवालात अचूकता शंभर टक्के. वाळलेल्या कपाशीसाठी त्यात रकाना नव्हता.

पदवी मिळाली तेव्हा उत्तमरावांनी पेढे वाटले आणि भावनाला दोन शब्द बोलायला उभं केलं. श्रावणराव मागच्या बाकावर बसले होते.

"बाबाचं वावर वाळलं, म्हून मी डॉक्टर झाली, सर," ती म्हणाली. "पाणी आलं असतं, तं ते घरी हासले असते."

टाळ्या पडल्या. त्या ओसरायच्या आत उत्तमरावांनी श्रावणरावांकडे पुढच्या हंगामासाठी तेच वावर मागितलं.