नव्या आचाऱ्याला टोप देताना

किन्हवलीच्या पुढे एका बौद्धवाड्यात विहाराची भांडी लक्ष्मीबाईंच्या ताब्यात असतात. लग्न असो की नामकरण, टोप-पराती न्यायला माणसं त्यांच्याच दारात. कानाला मशीन लावलेलं असलं की बाई येणाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी करत. पण गेल्या उन्हाळ्यात ते मशीन शिट्ट्या मारायला लागलं, आणि शहापूरच्या ज्या दवाखान्यात ते जुळवून मिळे, तिथला जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. नव्यावर मशीन जुळवायचा जुना प्रोग्रॅम चालेना. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मशीनशी कसं बोलायचं हे त्या एका प्रोग्रॅमलाच ठाऊक! बाईंनी मशीन काढून ठेवलं आणि अख्ख्या वाड्याला हाका मारणारी ही बाई दारात गप्प बसू लागली. लेकीला, दामिनीला, ते बघवेना.

आता दामिनीचं काम काय म्हणाल, तर कल्याणच्या एका छोट्या कंपनीत तयार प्रोग्रॅमचे टाके उसवून आतली शिवण कशी आहे ते शोधायचं. त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. हल्ली उसवायला एआय एजंट असतो. काम सांगितलं की कुठलं टूल उचलायचं ते तो आपलं आपण ठरवतो, आणि ठरवतो कशावरून? प्रत्येक टूलला जोडलेलं चार ओळींचं वर्णन वाचून. ती वर्णनं लिहायची दामिनीनं.

दवाखान्यानं प्रोग्रॅम उसवायला होकार दिला, कंपनीच्या साहेबांनी “आईचं काम आधी कर” म्हणून मोकळीक दिली. हे उपकार ती अजून विसरलेली नाही. एजंट कामाला लागला आणि मोठ्या ऐटीत उत्तर घेऊन आला: आवाजाचा आकडा इथे असतो, असा वाचायचा. दवाखान्यातल्या रत्नप्रभा मॅडम सावध बाई. त्या उत्तरावरून जुळवलेलं मशीन त्यांनी कानात न घालता आधी तपासणीच्या डबीत ठेवलं. डबीतून अशी किंकाळी निघाली की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. हे आईच्या कानात झालं असतं तर? दामिनीनं आधी मशीन बंद केलं.

“एजंट येडा हाय गो,” ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा रूपेश म्हणाला. “दुसरा मोठा लावू.”

पण दामिनीनं एजंटचा माग काढला. त्याच्याकडे दोन टूलं होती. एक रूपेशनं बनवलेलं, एक तिथल्याच अनंतानं, आणि नावंही तशीच, ‘रूपेशचं’ नि ‘अनंताचं’. दोन्हीच्या वर्णनात एकच वाक्य: ‘प्रोग्रॅमच्या तुकड्याची माहिती देतं.’ ऑफिसात सगळ्यांना ठाऊक, रूपेशचं नुसता अंदाज बांधतं, अनंताचं प्रत्यक्ष आकडे वाचून दाखवतं. एजंटनं अंदाजच खरा धरला. चुकलं कुठे ते कळलं, पण काय लिहिलं म्हणजे पुन्हा चुकणार नाही, ते काही सुचेना.

रविवारी ती घरी आली. वाड्यात नामकरण होतं, वाशिंदहून नवा आचारी आलेला. तो दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, दीडशे पानांचा भात हाय. टोप द्या.”

लक्ष्मीबाईंना ऐकू गेलं नाही. शेजारची काशी घाईत म्हणाली, “बाईजाचा ने की!”

“कोण बाईजा?”

आचारी बिचारा भांड्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. आमच्याकडे भांड्याला देणाऱ्याचं नाव. बाईजाच्या लेकानं आईच्या आठवणीत टोप दिला, तो बाईजाचा. वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण वाशिंदच्या माणसाला? त्यानं आपला चकचकीत बघून भलताच टोप उचलला. ते मात्र लक्ष्मीबाईंना दिसलं.

“ठेव तो खाली!” त्या कडाडल्या. “काशे, बाईजाचा ने म्हनली असशील. त्याला काय ठाव बाईजा? ती गेली तवा ह्यो पाळन्यात पन नव्हता. बघ रे बाबा, ह्यो दोन कड्यांचा टोप भाताचा. बूड जाड हाय, करपत नाय. चकचकीत दिसतो त्यो पान्याचा, बूड पातळ, चुलीवर चढवायचा नाय. आमटीला त्यो तिसरा. आन् ह्या भाताच्यात आंबट करू नको, कल्हई उतरलीय.”

आचारी हसला. “मावशी, आता डोळे मिटून सैपाक करतो.”

दामिनी आईकडे बघतच राहिली. घरच्या बायांना आई नुसतं नाव सांगे, परक्याला मात्र काय करायचं, काय नाही, सगळं. एजंट तर रोजच परका! कालचं त्याला काही आठवत नाही.

सोमवारी तिनं टूलांची नावं कामावरून ठेवली आणि वर्णनं नव्यानं लिहिली. ‘हे टूल तुकडा काय करत असेल याचा अंदाज सांगतं. कुठे शोधायचं ते ठरवायला वापरा. आकड्याचा पुरावा म्हणून वापरू नका; त्यासाठी आकडे वाचणारं टूल घ्या.’ दुसऱ्याला लिहिलं, प्रोग्रॅममधल्या जागेचा पत्ता कसा द्यायचा, परत काय येतं, आणि ‘रिकामं उत्तर आलं म्हणजे तिथे काही नाही असं समजू नका, आधी पत्ता तपासा.’ पहिल्या खेपेला एक वर्णन तर हौसेनं पानभर लिहिलं. एजंट त्यात पुन्हा भरकटला.

“रामायण लिवलंस!” रूपेश म्हणाला.

“तुझ्याच टूलाचं आहे,” असं म्हणत तिनं ते कापलं. मग मात्र एजंटनं अंदाज घेतला, आकडे वाचले, दोन्ही ताडून पाहिले आणि जिथे खात्री नव्हती तिथे तसं सांगितलं. त्यावरून अनंतानं मशीनशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला.

या वेळी डबी गप्प राहिली. मॅडमनी दोनदा तपासलं, तीनदा तपासलं, मग लक्ष्मीबाईंच्या कानात मशीन बसवलं. आवाज हळूहळू चढवला.

“आई, ऐकू येतंय का?” दामिनी सवयीनं ओरडली.

लक्ष्मीबाईंनी कानावर हात ठेवला. “बोंबलतेस कशाला गो? मी काय बहिरी हाय?”

मॅडमना हसू आवरेना, आणि दामिनीला रडू. लक्ष्मीबाईंनी मॅडमचे दोन्ही हात धरले, मग लेकीला म्हणाल्या, “त्या दोगा पोरांना जेवाया घेऊन ये. आन् त्यो तुजा एजंट?”

“तो जेवत नाही.”

“मंग त्याला माजा जय भीम सांग.”

एसटीची वाट बघत दोघी बाकावर बसल्या. आई रस्त्याकडे तोंड करून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐकत होती, परक्यांचंसुद्धा. दामिनी तिच्या पाठीमागून, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, “भूक लागली?”

आई वळलीसुद्धा नाही. “मगासधरनं लागलीय. आत्ता इचारतेस व्हय?”