डबा पडला नव्हता

गजूच्या मुलीचा, मीनलचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि लुगड्याची पुन्हा घडी घालायला लागलो. समोरची बाई म्हणाली, "शेठ, मले घ्यायचं हाय ना ते, घडी कायले घालून राह्यले?" गजू गेला हे मनात उतरायला संध्याकाळ झाली. त्याला आता दीड महिना होईल. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. गेल्या आठवड्यात मीनल रिसोडला आली आणि एक पत्र्याचा डबा माझ्या गादीवर ठेवून गेली. त्या डब्यापायी मी जन्मभर एक खोटं मिरवलं आहे.

गजू रिठदचा, शेतकऱ्याचा मुलगा. मी रिसोडच्या जैन कापड दुकानदाराचा. हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. तो माझी गणितं सोडवायचा आणि माझ्या डब्यातल्या पुऱ्या खायचा. पुढे मी दुकानात बसलो. तो अकोल्याला शिकला आणि सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका संशोधन संस्थेत कॉम्प्युटरवर लागला. रिसोडात तोवर कुणी कॅल्क्युलेटर पाहिला नव्हता, त्यामुळे गजू नेमकं काय करतो हे त्याच्या आईला मलाच सांगावं लागे. मी सांगायचो, "मोठ्या मशीनले काम लावून देते." माझंही ज्ञान तेवढंच.

त्या वर्षी संस्थेत नवं यंत्र आलं होतं, आज ज्याला महासंगणक म्हणतात तसलं, खोलीभर पसरलेलं. जुन्या यंत्रावरचे शास्त्रज्ञांचे सगळे प्रोग्राम त्याच्यावर नव्यानं बांधून बसवायचे होते. एकाला दुसरा आधी लागतो, दुसऱ्याला तिसरा. हाताने बसवता बसवता माणसं रडकुंडीला आली होती. गजूनं ते सगळं आपोआप बसवणारा एक प्रोग्राम लिहिला. त्याला तो कारभारी म्हणायचा. पण कारभाऱ्याला नव्या घरात कोण कुठे बसणार आणि कोणाआधी कोण, हे सांगावं लागतं. ते सांगणं छिद्रं पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर असायचं. प्रत्येक प्रोग्रामचं एक लाल पट्टीचं कार्ड, त्यामागे जागा सांगणारं पिवळं, मग आधी काय लागतं ते सांगणारी निळी, दोन, चार, कितीही. अशी तीनशेच्या आसपास कार्डं एका डब्यात. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो गावी आला तो हा डबा घेऊनच, म्हणे बसल्या बसल्या एकदा तपासून होईल.

रिठदच्या घरात उंदीर फार. आईला घेऊन मानोऱ्याला मावशीकडे जायचं होतं, म्हणून डबा त्यानं माझ्याकडे ठेवला. जाताना म्हणाला, "दुकानातल्या मालावानी सांभाळजो."

मी तसाच सांभाळला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, डबा उघडला. आत लाल, पिवळं, निळं, पुन्हा लाल, नुसती खिचडी. आमच्या दुकानात असा माल दिसला असता तर वडिलांनी तो नीट लावून होईपर्यंत मला जागचं उठू दिलं नसतं. इतका हुशार माणूस आणि साधा माल लावता येत नाही, असं म्हणत मी सगळी कार्डं रंगवार लावली. लाल वेगळी, पिवळी वेगळी, निळी वेगळी, कडा ठोकून सरळ केल्या आणि लुगड्याच्या काठाच्या पट्ट्यांनी तीन गठ्ठे बांधले. खरं सांगतो, मला फार समाधान वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी गजू आला, डबा उघडला आणि गादीवर खाली बसला.

"हे कोनं केलं?"

"मी. नीट लावून देले."

त्यानं पाणी मागितलं. सोमवारी सकाळी ते यंत्र त्याला तीन तास मिळणार होतं, साहेब लोक समोर उभे राहणार होते. त्याची नोकरी अजून पक्की नव्हती आणि कारभारी चालला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं. मुंबईतली दुसरी प्रत जुनी होती. महिन्याभराची दुरुस्ती याच डब्यात. कार्डांवर क्रमांक घालायचे राहून गेले होते, आणि ती यंत्रानं नक्कल करून काढलेली असल्यानं वर छापील अक्षरही नव्हतं. नुसती छिद्रं. मी काय करून ठेवलं ते मला तेव्हा कळलं. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"चाल," तो म्हणाला, "तू लाव. लावता तं येते तुले."

दोन दिवस आम्ही तेच केलं. गजू दाराशी बसून एकेक कार्ड उन्हाकडे धरायचा, छिद्रं वाचायचा, डोळे मिटून आठवायचा आणि सांगायचा, हे याच्या मागं, हे त्याच्याआधी. मी पांढऱ्या गादीवर मांडत जायचो आणि जागा पक्की झाली की कोपऱ्यात पेन्सिलीनं आकडा घालायचो. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण, म्हणून आई हाका मारायची आणि गजू कुरकुरायचा, "थांबा ना काकू, दोन कार्डं राह्यले." शेवटचं कार्ड बसलं तेव्हा त्याची एसटी लागलेली होती. मी डबा त्यातल्याच एका पट्टीनं बांधून दिला.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. 'सगळे आपापल्या जागी बसले. तुझे आकडे मशीनला दिसत नाहीत, मला दिसतात.' मी ते पत्र घेऊन आत गेलो आणि रडलो.

पुढल्या खेपेला माल आणायला मुंबईला गेलो तेव्हा त्यानं मला यंत्र दाखवायला नेलं. त्याचे साहेब म्हणाले, "हेच का तुमचे दुकानदार मित्र?" मी काही बोलायच्या आत गजू म्हणाला, "हो सर. एसटी स्टँडवर माझ्या हातून डबा पडला, यानं सगळा क्रम लावून दिला." साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि मी तो घेऊ दिला... बाहेर आल्यावर विचारलं, काहून खोटं बोलला? "बाहेरच्या मानसापाशी ठेवला म्हटलं असतं तं मी गेलो असतो," तो म्हणाला, "आन् तुह्यं नाव खराब. पडला म्हटलं का झालं." झालं खरं. मग तीच गोष्ट त्यानं लग्नात सांगितली, मीनलच्या बारशाला सांगितली, निवृत्तीच्या समारंभात सांगितली. दर वेळी लोक माझ्याकडे कौतुकानं पाहायचे आणि मी हसायचो. एकदाही तोंड उघडलं नाही.

मीनल डबा ठेवताना म्हणाली, "बाबा सांगून गेले, हा काकांचाच आहे. तुम्ही नसता तर त्यांची नोकरी गेली असती." मी मान हलवली. तेव्हाही बोललो नाही.

ती गेल्यावर पट्टी सोडली. काठ विटला आहे, पण आमच्याच दुकानातला. कार्डांच्या कोपऱ्यात माझे आकडे आहेत, मराठी, थोडे तिरके. डबा आता गादीशेजारच्या फळीवर असतो. परवा मुलगा फळी आवरत होता, त्यानं तो उघडून म्हटलं, बाबा, हे रंग किती मिसळलेत, लावून ठेवू का? मी त्याच्यावर ओरडलो. गजू माझ्यावर ओरडला नव्हता.

मीनल, हे ज्या पेपरात छापायला देतो आहे त्याची पुरवणी तुझ्याकडे येते हे मला माहीत आहे. बाबांच्या हातून डबा पडला नव्हता. तो मी उघडला होता.