दुसरा खांदा

आमच्या चिंचणीत सगळे म्हणतात की माझ्या मुलीला मुंबईच्या डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीत बसवलं. सहा वर्षं मी ते ऐकतो आणि गप्प राहतो. डॉक्टरांचा त्यात दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो कसा, ते मला आता लिहून ठेवायचं आहे.

मुलीला स्नायू झिजत जाण्याचा आजार. आधी चेहरा आणि खांदे, मग हळूहळू पाय. हात वर करायला गेली की पाठीवरची खांद्याच्या हाडांची पाती बिजागरी ढिली झालेल्या दारासारखी बाहेर यायची, आणि हात खांद्याच्या वर जायचाच नाही.

आम्ही बोंबलांचे जबडे दोन दोन एकमेकांत अडकवतो आणि बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर वाळत घालतो. वरच्या दोरीला वारा चांगला लागतो. खालच्या दोरीवरचा माल कुत्री ओढतात. मुलगी कायम खालच्या दोरीवर. तिची मावशी मुद्दाम सगळ्या बायकांत म्हणायची, "आमची बाय कुत्र्यांना जेवू घालते. पुण्य हाय तिचं."

"मग तू पण ये पंगतीला, मावशे," मुलगी म्हणायची. बायका हसायच्या. मला हसू यायचं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, पातं मागच्या फासळ्यांना तारेनं बांधता येतं, हात वर जाईल. मग त्यांनी मुलीला विचारलं, "चालताना पडतेस का? पाय अशक्त असले की माणूस पाठ मागे टाकून, खांदे झुलवून तोल धरतो. पातं बांधलं की ते झुलणं जातं."

उत्तर मी दिलं. "नाही, पडत नाही."

त्याच आठवड्यात ती वाळूत दोनदा पडली होती. दोन्ही वेळा मीच उचललं होतं. खरं सांगितलं तर डॉक्टर नको म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. काही महिने हात पट्ट्यात होता. पट्टा सुटल्यावर तिनं आरशासमोर स्वतःची वेणी घातली आणि तिची आई चुलीपाशी जाऊन रडली. पण चालताना मुलगी कलायला लागली. एकदा उंबऱ्यावरच पडली.

"बाबा, मी एका अंगाला जाते. कोण तरी ओढतंय असं वाटतं."

माझी चाळीस वर्षं होडीवर गेली. मी म्हटलं, "एका बाजूला जाळं टाकलं की होडी कलणारच. दुसऱ्या बाजूला तेवढंच टाकायचं, सरळ होते."

"मी होडी नाय, बाबा."

"तोल तो तोल. होडीचा काय नि माणसाचा काय."

तिला थांबायचं होतं. डावा खांदा उरकून घेऊ म्हणून मी मागे लागलो. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, मधल्या काळात पडली का? मी पुन्हा नाही म्हटलं. ती शेजारीच बसली होती, खाली बघत.

दुसरा पट्टा सुटला आणि दोन्ही हात वर जायला लागले. पंधरा दिवसांनी ती वरच्या दोरीवर बोंबील घालायला गेली. मी दहा पावलांवर जाळं शिवत होतो. तिच्या पायाखालची वाळू सरकली. आधी अशा वेळी ती खांदे मागे फेकायची, हात झुलवायची आणि कशीबशी सावरायची. आता सगळी पाठ फळीसारखी एकसंध गेली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर अंथरुणात पडून पायांत होतं नव्हतं ते बळ गेलं.

बोईसरला व्यायाम शिकवायला जो माणूस होता, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, पाय कधी ना कधी जाणारच होते. कधी, असं मी विचारलं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कोण सांगणार, म्हणाला. ती वर्षं तिच्याकडून मी घेतली. गावात लोक डॉक्टरांना शिव्या देत तेव्हा मी मान डोलवत होतो, हेही लिहायला हवं.

गेल्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं.

"मी तिथंच बसलेली ना, बाबा. दोन्ही वेळा ऐकलेलं मी."

"मग बोलली का नाय?"

"तुमी इतक्या खात्रीनं बोललात. मला वाटलं, माझं पडणं सांगण्यासारखं नसेल."

तिला पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ झाली होती. मी वाकलो. तिनं दोन्ही हात वर केले आणि माझ्या गळ्यात घातले. पहिल्या खेपेला मला ती उचलवली नाही.