घटासारखी तंबाटी
बाहत्तरच्या दुष्काळात माझी आई गेली. माहेराहून मी तिची एकच वस्तू मागून आणली, तंबाट्याच्या बियांची पुरचुंडी. टोमॅटोला आमच्याकडे तंबाटंच म्हणतात. पिकलेलं फळ राखेत कुस्करून ती बी वाळवायची आणि दरसाल तेच पुन्हा लावायची. त्या वर्षी विहीर आटली, झाडं जळाली. पुरचुंडीत होतं तेवढंच बी उरलं.

पुढच्या पावसाळ्यात मी ते पेरायला काढलं. सासर पाथर्डीकडचं, लग्न नवं. अंगणात कोंबड्या काही उगवू देत नाहीत, म्हणून फुटक्या माठाच्या बुडात माती घालून घरातच, खिडकीशी पेरलं. आणि आईच्या वर्षश्राद्धाला माहेरी गेले ती पंधरवडाभर राहिले.

परतले तशा सासूबाई मला थेट देव्हाऱ्याकडे घेऊन गेल्या. घरात मातीत काही उगवायचं म्हणजे नवरात्रातला घट, एवढंच त्यांना ठाऊक. माझं माठाचं बूड त्यांनी देव्हाऱ्याखालच्या अंधारात ठेवलं होतं, रोज पाणी शिंपडलं होतं, काठाला हळदकुंकूसुद्धा लावलं होतं. घटातलं धान जितकं उंच, जितकं पिवळं, तितकं घराला चांगलं मानतात. माझी रोपंही तशीच आली होती, दोऱ्यासारखी लांब, पिवळी, एकमेकांवर पडलेली. तंबाट्याचं असं रोप म्हणजे उजेडावाचून मेल्यातच जमा. सासूबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. तोवर त्यांच्यापुढे मान वर करून बोलले नव्हते.

"आत्याबाई, माजी आई एकदा गेली हुती. तुमी तिला पुन्यांदा मारली."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी तापले होते.

रोपं टाकवेनात, म्हणून न्हाणीमागे नेऊन लावली. उभी राहीनात, तेव्हा शेंड्याची पानं तेवढी वर ठेवून सगळा दांडा मातीत पुरला. लावली म्हणण्यापेक्षा उरकली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाई भांडी तिथंच विसळायला लागल्या. ऊन चढलं की रोपांवर एरंडाची पानं झाकायच्या, कलल्यावर काढायच्या. आमचं बोलणं मात्र कामापुरतंच.

रोपं जगली. पुरलेल्या दांड्यांना मुळ्या फुटल्या असणार, कारण बघता बघता खोडं बोटाएवढी जाड झाली. मला राग धरून ठेवणं जड जायला लागलं आणि त्याचाही राग यायला लागला.

पहिलं फळ लाल झालं ते सासूबाईंनीच तोडून आणलं. मी तव्यावर भाकरी टाकली होती. वाटलं, चटणी करायला सांगतील. त्यांनी चुलीपुढची गार राख ओढली आणि ते फळ तिच्यात कुस्करलं.

"तुझ्या आईचं बी हाय," त्या म्हणाल्या. "आदी ते ठिवू. खायाचं मागनं बगू."

बी वाळल्यावर त्यांनी पुरचुंडी बांधली आणि देव्हाऱ्याकडे न नेता माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवली. आई गेल्यापासून मला रडूच आलं नव्हतं. त्या दिवशी ते सासूबाईंच्या मांडीवर आलं.