बर्फातलं गाऱ्हाणं

१९९९ साली मी डब्लिनला निघाले, तेव्हा विमानतळावर दादानं माझी बॅग ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाला, "तू बिनघोर जा. मागचं सगळं मी बघतो." पोचल्याचा फोन कर, म्हणून आईनं चारदा बजावलं.

त्यानं बघितलं, चांगलंच बघितलं. चार वर्षांनी आई गेली, ते मला डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सच्या घरी चौदाव्या दिवशी कळलं. तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. मी फोनवर ओरडले, तर म्हणतो, "एवढ्या लांबून येऊन काय करणार होतीस? डोक्यावरून अंघोळ कर, म्हणजे झालं." मी प्रेसमधले, म्हणजे कपाटातले, सहाही कप फोडले. आवाज ऐकून शेजारीण आली, तिला म्हटलं, सगळं ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत ठीक.

त्या हिवाळ्यात कंपनीनं मला कामासाठी जपानला पाठवलं. रविवारी ऑफिसातली एक बाई मला डोंगरावरच्या शिंतो देवळात घेऊन गेली. गुडघाभर बर्फ, पायऱ्या दिसेनात. वर लाकडी पाट्या मिळत होत्या. इच्छा लिहायची आणि टांगायची. आमच्या कोकणात वैऱ्याचं नाव-गाव सांगून देवाला गाऱ्हाणं घालतात. देव परका असला तरी न्याय करेलच की! बधिर बोटांनी दादाचं नाव, गाव, गुन्हा लिहिला. खाली लिहिलं, 'याची लेक परदेशी जाऊ दे, आणि याचं दुखणं तिला वेळेवर कळू नये.' बाईनं विचारलं, काय मागितलंस? म्हटलं, भावाची खुशाली. उतरताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी दादाची लेक मुक्ता डब्लिनला शिकायला आली आणि माझ्याच घरी राहिली. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं.

"मुक्ताला सांगू नकोस. परीक्षा आहे, उगाच धावत येईल."

गाऱ्हाणं लागलं होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं. मुक्ता समोर टोस्टला लोणचं लावत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि दुपारी तिकीट काढून दिलं.

ऑपरेशननंतर दादानं तिच्याच फोनवरून विचारलं, "का सांगितलंस तिला?"

"कारण मला कुणी सांगितलं नव्हतं."

माफ मी त्याला आजही केलेलं नाही.

तिथले आणि इथले, तुम्ही सगळे विचारता, तुझं घर आता कुठलं? वाईट बातमीसुद्धा जिथून वेळेवर येते, ते घर. माझं त्या चौदाव्या दिवशी गेलं. मुक्ताचं शाबूत आहे. ते मी राखलं, हे दादाला जन्मभर टोचत राहू दे.